प्रसाद घ्यावा की नाही? बायबलमधून उत्तर शोधायची रीत

चतुर्थीच्या दिवसांत शेजारची काकी केळीच्या पानाखाली झाकलेले पाच उकडीचे मोदक घेऊन ओटीवर येते, आणि ख्रिस्ती घरातलं पोरगं आईकडे बघतं: खायचे का? रविवारी उपासनेनंतर हाच प्रश्न निघाला की एक जण बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र (करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला प्रेषित पौलाने लिहिलेलं) उघडतो, दुसरा प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक. दोघांनाही आपापलं वचन सापडतं आणि चहा थंड होईपर्यंत वाद चालतो. चुकतं ते एवढंच की वचन आधी निवडलं जातं आणि प्रश्न नंतर. मंडळीच्या अभ्यासवर्गात किंवा घरी चार जणांत हा प्रश्न कसा सोडवायचा, ते इथे दिलं आहे. दोन बैठका लागतात, प्रत्येकी तासाभराच्या. एका बैठकीत उरकायला गेलात तर दुसऱ्या अर्ध्यात फक्त आवाज चढतात.

पहिलं काम प्रश्न फोडण्याचं. ‘प्रसाद खावा का’ या एका वाक्यात चार वेगळे प्रसंग दडलेले असतात. वहीत चार ओळी लिहा. पहिली, जत्रेत दुकानावरून विकत घेतलेलं खाजं किंवा बाजारातून आणलेलं मटण. दुसरी, शेजाऱ्याकडे जेवायला गेल्यावर पानात पडलेलं अन्न, ज्याबद्दल कुणी काही बोललेलं नाही. तिसरी, तेच अन्न, पण ‘देवाचा प्रसाद हा’ असं सांगून हातावर ठेवलेलं. चौथी, देवळात किंवा राखणीला (गावच्या राखणदाराला कोंबडा देतात तेव्हा), देवाला दाखवून झाल्यावर तिथेच बसणारी पंगत. काकीचे मोदक कुठल्या ओळीत बसतात हे आत्ता ठरवू नका, जागा मोकळी सोडा.

मग उतारे गोळा करा. मुख्य उतारा १ करिंथकर ८:१ ते ११:१, म्हणजे आठव्या अध्यायाच्या पहिल्या वचनापासून अकराव्याच्या पहिल्या वचनापर्यंत. त्याच्या जोडीला प्रेषितांची कृत्ये १५:१९-२९, रोमकर १४:१ ते १५:७, प्रकटीकरण २:१४ आणि २:२०. जुन्या करारातून अनुवाद (हे पुस्तकाचं नाव आहे) ३२:१७, निर्गम ३२:६, आणि २ राजे ५:१८-१९. कॅथलिक घरातल्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात आणि प्रॉटेस्टंट घरातल्यात ६६, पण या प्रश्नाला त्याने फरक पडत नाही. नव्या कराराची २७ पुस्तकं दोघांची सारखीच आहेत.

दोन वेगवेगळी मराठी भाषांतरं शेजारी ठेवा. कुठे ‘मूर्तीला दाखवलेला नैवेद्य’ असं मिळेल, कुठे मूर्तींना वाहिलेलं अन्न. मूळ ग्रीक शब्द ‘एइदोलोथुतॉन’, म्हणजे मूर्तीपुढे बळी दिलेलं. नैवेद्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोदक आणि पंचखाद्य येतं. पौलाच्या वाचकांपुढे मांस येत होतं. राखणदाराला कोंबडा देतात, तिथेच शिजवतात, तिथेच वाटून खातात, ते चित्र मनात ठेवून वाचलं तर करिंथ पटकन समजतं. करिंथात अस्क्लेपियस या आरोग्याच्या ग्रीक देवाच्या देवळालगत जेवणाच्या खोल्यांचे अवशेष सापडले आहेत. देवळात जेवण ही तिथली रोजच्या ओळखीची गोष्ट होती.

आता आठवा, नववा आणि दहावा अध्याय सलग, मोठ्याने वाचा. १३, २७ आणि ३३, अशी एकूण ७३ वचनं आहेत. शेवटी ११:१ जोडून घ्या. अध्यायांचे आकडे १३व्या शतकातले आणि वचनांचे १६व्या शतकातले, पत्र मात्र इसवी सन ५५च्या सुमाराचं. त्यामुळे आकड्यापाशी थांबायचं बंधन नाही. बहुतेक वर्ग नववा अध्याय गाळतात, कारण त्यात प्रेषिताच्या पोटापाण्याची चर्चा आहे आणि ती विषयाबाहेरची वाटते. पण पूर्ण युक्तिवादाचा खिळा तिथेच ठोकलेला आहे. मला हक्क आहे आणि मी तो वापरत नाही, हे पौल आधी स्वतःवर लागू करून दाखवतो आणि मगच खाण्याकडे परत येतो.

दुसऱ्या वाचनाला दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. जिथे पौल करिंथकरांचंच बोलणं उद्धृत करत असावा तिथे लाल, त्याचं स्वतःचं म्हणणं तिथे निळा. जुन्या हस्तलिखितांत अवतरणचिन्हं नव्हती, म्हणून हे ठरवावं लागतं. ‘आपणा सर्वांना ज्ञान आहे’ (८:१), ‘मूर्ती म्हणजे काहीच नाही’ (८:४), ‘सगळ्याची मोकळीक आहे’ (१०:२३) ही वाक्यं करिंथकरांची असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. ८:८ बद्दल मतं फुटतात; तिथे दोन्ही रंग चालतील. ‘मूर्ती काहीच नाही, मग खा बिनधास्त’ असं सांगणारा माणूस बहुधा लाल ओळ वाचून दाखवत असतो. पौल ती ओळ खोडत नाही, पण तिच्यापुढे ‘पण’ लावतो.

आठव्या अध्यायातल्या ‘दुर्बळ’ या शब्दापाशी वर्ग हमखास घसरतो. एखादे ज्येष्ठ सभासद म्हणतात, मला हे खपत नाही, म्हणजे मी ठेचाळलो, म्हणून तुम्ही खाऊ नका. ८:१०-११ नीट वाचा. तिथला दुर्बळ माणूस दुसऱ्याला पाहून स्वतःच्या विवेकाविरुद्ध खायला धजतो आणि त्यात त्याचा नाश होतो. नुसतं नाक मुरडणारा माणूस तो नव्हे. आपल्याकडे ही जागा बहुधा नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्याची असते: कालपर्यंत ज्या देवाच्या नावाने नारळ फोडला, त्याच्या प्रसादाकडे तो निव्वळ गूळखोबरं म्हणून पाहू शकत नाही. त्याच्यासमोर आपण काय करतो, हा आठव्या अध्यायाचा विषय.

१०:१४-२२ मध्ये सूर बदलतो. इथे भावाच्या विवेकाचा मुद्दा मागे पडतो आणि सहभागितेचा पुढे येतो. एका भाकरीत वाटा घेणारे एक शरीर होतात, वेदीवरचं खाणारे वेदीचे भागीदार होतात. म्हणून प्रभूचं मेज आणि भुतांचं मेज, दोन्ही चालणार नाहीत. चौथ्या ओळीचं उत्तर हे आहे, आणि ते स्पष्ट आहे. इथला ‘भुते’ हा शब्द मात्र सावकाश हाताळा. कोकणात भूत म्हटलं की वडावरचा मुंजा आणि वेशीवरचा वेताळ आठवतो, आणि चर्चा रात्रीच्या गोष्टींकडे वळते. पौल अनुवाद ३२:१७ ची भाषा वापरतो आहे. तिथला विषय इस्राएलाने आपल्या देवाशी केलेली बेइमानी हा आहे. शेजाऱ्याच्या देवाला नावं ठेवायला हे वचन वापरू नका.

१०:२५ पासून पहिल्या तीन ओळी सुटतात. बाजारात विकतात ते चौकशी न करता खा, कारण पृथ्वी प्रभूची आहे (स्तोत्र २४:१). कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा. कुणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. हा सांगणारा यजमान की सोबतचा विश्वासी, यावर एकमत नाही. काकीचे मोदक याच सांध्यावर बसतात, आणि दोन प्रामाणिक कुटुंबं इथे वेगळी उत्तरं देऊ शकतात.

बाकीचे उतारे झटपट. प्रेषित १५ मधलं पत्र अंत्युखिया, सूरिया आणि किलिकिया इथल्या मंडळ्यांना आहे. यहुदी आणि यहुदीतर एका पंगतीला बसावेत ही तिथली निकड होती. रोमकर १४ मध्ये मूर्तीचा उल्लेखच नाही, भाजीपाला आणि दिवस पाळणं आहे, म्हणून त्यातला ‘दुर्बळ’ थेट करिंथात नेऊन बसवू नका. प्रकटीकरण २ मध्ये नैवेद्य खाणं जारकर्मासोबत येतं आणि कडक निषेध होतो. ते चौथ्या ओळीजवळचं. २ राजे ५ मधला अरामी सेनापती नामान रिम्मोन या देवाच्या देवळात राजासोबत वाकावं लागेल म्हणून क्षमा मागतो. संदेष्टा अलीशा त्याला शांतीने जा म्हणतो, हो नाही की नको नाही. सरकारी नोकरीत सत्यनारायणाला उभं राहावं लागणाऱ्यांना हा उतारा माहीत असावा.

शेवटी पानाचे तीन रकाने करा: स्पष्ट, मतभेदाचं, ज्याच्या त्याच्या विवेकाचं. देवळातली पंगत पहिल्यात. काकीचे मोदक दुसऱ्यात किंवा तिसऱ्यात, तुमच्या घरात कोण आहे त्याप्रमाणे. आपल्या पाळकांना किंवा फादरना पान दाखवा. मंडळीचा नियम वेगळा असेल तर तो का, हे विचारा.

नको म्हणायचं ठरलं तर दारातच, हसून सांगा: ‘काकी, प्रसाद आमच्यात घेत नाहीत, रागावू नका. आत या, चहा टाकते.’ आणि नाताळला नेवऱ्यांचं ताट त्यांच्याकडे पहिलं जाऊ दे. घ्यायचे ठरले तर घ्या आणि खा. घेऊन, गोड बोलून, मग गडग्यापलीकडे टाकणं मात्र सगळ्यात वाईट. सकाळी ते मोदक टोचायला पहिल्या येतात त्या काकीच्याच कोंबड्या.