गॅस बिलातला नेटवर्क चार्ज कमी करायचाय? आधी वर्षातला सगळ्यात जड दिवस शोधा

कंपनीचं गॅस बिल आलं की सगळे एकूण वापर बघतात, पण मोठ्या कनेक्शनला बऱ्याच ठिकाणी नेटवर्क चार्जचा (म्हणजे पाइपलाइनने गॅस पोचवण्याच्या आकाराचा) मोठा भाग ठरतो तो एका दिवसात जास्तीत जास्त किती गॅस ओढला यावर. कारण साधं आहे, पाइपलाइन आणि कॉम्प्रेसर सगळ्यात जास्त मागणीच्या दिवसाला पुरतील एवढे बांधावे लागतात, मग बाकी दिवस तुम्ही गॅस कमी घेतलात तरी तो खर्च झालेलाच असतो.

हिशोब बघा. दोन कारखाने, दोघांचा वापर वर्षाला 36,500 युनिट. पहिला रोज 100 घेतो, दुसरा एखाद्या दिवशी 250 वर जातो. दुसऱ्याचा लोड फॅक्टर, म्हणजे रोजची सरासरी भागिले सगळ्यात जड दिवस, फक्त 40 टक्के, आणि दर सारखाच धरला तर कपॅसिटीपोटी (एका दिवसात जास्तीत जास्त गॅस घेण्याच्या क्षमतेपोटी) तो अडीचपट भरणार, तेवढाच गॅस जाळून!

तर सप्लायरकडून 12 महिन्यांचा रोजचा मीटर डेटा मागा, महिन्याच्या बिलावरून यातलं काही कळत नाही. एक्सेलमध्ये मोठ्यापासून लहान असा लावा, वरचे दहा दिवस घ्या आणि प्रत्येक तारखेसमोर लॉगबुकातून लिहा त्या दिवशी काय काय चालू होतं. शटडाऊननंतर थंड भट्टी पेटवली, त्यात दोन्ही बॉयलर फुल लोडवर आणि बाहेर कडाक्याची थंडी, असं काहीतरी हमखास सापडतं.

आता मुख्य मुद्दा. विजेची डिमांड 15 किंवा 30 मिनिटांवर मोजतात, म्हणून तिथे मशीन तासभर पुढेमागे चालवली की फरक पडतो. गॅसचा हा आकडा अख्ख्या दिवसाची बेरीज असतो, त्यामुळे दुपारचं काम संध्याकाळी नेऊन काहीच होत नाही, ते दुसऱ्या गॅस-डेमध्ये, म्हणजे गॅस मोजण्याच्या दुसऱ्या 24 तासांत, न्यावं लागतं. आणि गॅस-डे बऱ्याच ठिकाणी सकाळी 5 किंवा 6 ला बदलतो, म्हणजे सोमवारची मध्यरात्र उलटून मंगळवारी पहाटे 2 वाजता पेटवलेली भट्टीसुद्धा सोमवारच्याच खात्यात जाते. भट्टी मंगळवारी सकाळी गॅस-डे बदलल्यावर पेटवा आणि त्या दिवशी दुसरा बॉयलर बंद ठेवा. काही नेटवर्क तासाचा कमाल आकडाही धरतात, टॅरिफ शीट नीट वाचा.

बुक केलेली कपॅसिटी, म्हणजे करारात ठरलेली रोजची कमाल मर्यादा, मात्र लगेच कमी करू नका. मर्यादा ओलांडली तर ओव्हररनचा दर सहसा चढा असतो, काही टॅरिफमध्ये तर वाढलेला आकडा पुढे कित्येक महिने चिकटून राहतो. तुमचा जो पीक सीझन असेल तो नव्या शेड्यूलवर पूर्ण काढा आणि मगच अर्ज करा.