गोठवलेल्या तयार जेवणाचे पाकीट पारखताना या चुका टाळा

नागपुरात धरमपेठेतल्या किंवा मनीषनगरातल्या मध्यम आकाराच्या किराणा दुकानातही आता डीप फ्रीजरमध्ये आइस्क्रीमच्या शेजारी आलूपराठे, टिक्क्या, मोमो आणि भातासह पनीर माखनीचे ट्रे रचून ठेवलेले दिसतात. मिहान या औद्योगिक क्षेत्रात रात्रपाळी करणारी मुले, एकटे राहणारे विद्यार्थी आणि नोकरी करणारी जोडपी हे पदार्थ घेतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. अडचण निराळी आहे. पाकिटामागचा मजकूर वाचणारी माणसेही तो चुकीचा वाचतात. मी स्वतः जवळजवळ वर्षभर एका पाकिटातले आलूपराठे ‘एका वेळी २७० किलोकॅलरी’ या समजुतीने खात होतो. पाकिटावर तो आकडा खरोखरच छापलेला होता. फक्त तो एका पराठ्याचा होता आणि मी दोन खात होतो. तेव्हापासून पाकीट हातात घेतले की मी आधी एकच प्रश्न विचारतो: हा आकडा नेमका कितीचा आहे?

‘सर्व्ह’ म्हणजे आपले ताट, असे समजणे

ते पाकीट अजून माझ्यापुढे आहे. चार पराठे, निव्वळ वजन ४०० ग्रॅम, एक पराठा म्हणजे एक ‘सर्व्ह’. दर १०० ग्रॅमला ऊर्जा २७० किलोकॅलरी, प्रथिने ५.५ ग्रॅम, कर्बोदके ३८ ग्रॅम, एकूण मेद १०.७ ग्रॅम, त्यापैकी संपृक्त मेद ४.६ ग्रॅम आणि सोडियम ४८० मिलिग्रॅम. शेजारच्या रकान्यात एका सर्व्हमधून दिवसाच्या गरजेचा किती टक्के वाटा मिळतो ते दिलेले आहे, आणि सोडियमपुढे २४ टक्के असे लिहिले आहे. ही टक्केवारी कोणत्या पायावर काढायची हे एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबलिंग नियमांनी ठरवून दिले आहे: दिवसाला २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम एकूण मेद, २२ ग्रॅम संपृक्त मेद, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम.

आता दोन पराठ्यांचा हिशेब करू. ऊर्जा ५४० किलोकॅलरी होते, आणि एका जेवणासाठी ती फार नाही. संपृक्त मेद मात्र ९.२ ग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या सुमारे ४२ टक्के, आणि सोडियम ९६० मिलिग्रॅम, म्हणजे ४८ टक्के. सोडियमला अडीचने गुणले की मिठाचा अंदाज येतो, त्यामुळे हे जवळजवळ २.४ ग्रॅम मीठ झाले. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमची आहे. अशा ताटात कैरीचे लोणचे वाढले की रात्रीच्या वरणात घालायला फारसे मीठ शिल्लक राहत नाही. पराठे आणलेच असतील तर सोबत लोणच्याऐवजी बिनमिठाचे दही आणि काकडी घ्यावी. एवढ्या एका बदलाने बरेच काही सावरते. हे सगळे आकडे प्रौढ माणसाच्या गरजेवर बेतलेले आहेत, हेही ध्यानात ठेवावे. पाच वर्षांच्या मुलाला तोच पराठा दिला तर २४ टक्के हा आकडा त्याला लागू पडत नाही, कारण त्याच्या वाट्याचे मीठ मुळातच कमी असते.

काही ट्रेंवर याहून मोठी गंमत आढळते. ट्रे ३०० ग्रॅमचा, उघडला की एकट्याने संपवायचा, आणि ‘सर्व्ह’ मात्र १०० किंवा १५० ग्रॅमचा लिहिलेला असतो. यात लबाडी आहे की नाही याचा निवाडा मी करत नाही. ट्रेच्या निव्वळ वजनाला सर्व्हच्या वजनाने भागावे आणि येणाऱ्या संख्येने एका सर्व्हचे आकडे गुणावेत, म्हणजे आपल्या पोटात जाणारा खरा आकडा मिळतो.

पातळ आणि कोरड्या पदार्थांची १०० ग्रॅमवर तुलना करणे

‘दर १०० ग्रॅमला’ हा रकाना तुलनेसाठी उत्तम आहे, पण सारख्या पदार्थांच्याच. पराठा कोरडा असतो आणि दाल माखनीत बरेचसे पाणी असते. डाळीच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅम सोडियम दिसले की ती पराठ्यापेक्षा सौम्य वाटते, परंतु डाळ आपण वाटीभर खातो, आणि तिच्या १०० ग्रॅममध्ये ऊर्जा असते जेमतेम शंभर-सव्वाशे किलोकॅलरी. अशा वेळी एक सोपी कसोटी लावता येते. दिवसाला २००० किलोकॅलरी आणि २००० मिलिग्रॅम सोडियम हा पाया धरला तर प्रत्येक किलोकॅलरीमागे एक मिलिग्रॅम सोडियम पडते; म्हणून पाकिटावरचा सोडियमचा आकडा ऊर्जेच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर तो पदार्थ खारट बाजूला झुकलेला आहे असे समजावे. या कसोटीवर माझा पराठा नापास होतो (४८० विरुद्ध २७०), आणि ती सौम्य वाटणारी डाळ त्याहून वाईट रीतीने नापास होते. दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी याहून कामाची दुसरी आकडेमोड मला माहीत नाही.

घटकांची यादी वरून तीन शब्द वाचून सोडून देणे

घटक उत्पादनाच्या वेळच्या वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, हे आता बहुतेकांना माहीत आहे. ‘पहिले तीन घटक बघा’ हा सल्लाही सर्वत्र ऐकू येतो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे.

माझ्या पाकिटावरची यादी अशी होती: मैदा, पाणी, आलू (२४%), खाद्य वनस्पती तेल (पामोलिन), कांदा, कणीक (४%), मीठ, मसाले, सांबार (कोथिंबीर), त्यानंतर नावाऐवजी क्रमांकाने लिहिलेले दोन-तीन पूरक पदार्थ. दर्शनी बाजूला गव्हाच्या सोनेरी ओंब्या आणि वर सांबाराची हिरवीगार पखरण छापलेली होती. इंग्रजी लेबलावर ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ म्हणजे मैदा आणि ‘होल व्हीट फ्लोअर’ म्हणजे कणीक. घाईत ‘व्हीट’ एवढेच वाचणारा माणूस मैद्याला कणीक समजून घरी नेतो. कंसातल्या टक्क्यांकडेही नीट पाहावे. १०० ग्रॅमच्या पराठ्यात २४ टक्के आलू म्हणजे २४ ग्रॅम, एका लहान आलूची जाडशी फोड. पनीर माखनीच्या ३०० ग्रॅमच्या ट्रेवर ‘पनीर १२%’ असेल तर त्यात पनीर ३६ ग्रॅम आहे. पनीरमध्ये प्रथिने साधारण १८ ते २० टक्के असतात, तेव्हा पनीरमधून मिळणारी प्रथिने सातच ग्रॅमच्या आसपास भरतात. ६५ किलोच्या पुरुषाची दिवसाची गरज सुमारे ५४ ग्रॅम आहे, आणि ‘प्रथिनांनी भरपूर’ या शब्दांचे वजन त्या मापाने करावे.

मला सर्वांत उपयोगी पडते ती मात्र मिठाची जागा. सोडियमवरून मिठाचा अंदाज काढता येतो: ४८० मिलिग्रॅम म्हणजे १०० ग्रॅममध्ये सुमारे १.२ ग्रॅम मीठ. यादी वजनाच्या क्रमाने असल्यामुळे मिठानंतर ज्या ज्या घटकाचे नाव येते तो यापेक्षा जास्त असणे जवळजवळ अशक्य आहे. पाकिटावर मोठ्या अक्षरांत मिरवणारे ‘देशी तूप’, ‘काजू’ किंवा ‘कसुरी मेथी’ यादीत मिठाच्या खाली सापडले, तर पूर्ण पाकिटात ते चमचाभरच आहे असे समजायला हरकत नाही. मसाला मिठाच्या खाली असणे स्वाभाविक आहे. तूप तिथे असेल तर तो पदार्थ तुपातला म्हणवत नाही.

साखरेच्या बाबतीत क्रम फसवू शकतो. साखर, लिक्विड ग्लुकोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) असे तीन वेगळे घटक लिहिले की प्रत्येक जण यादीत खाली सरकतो. गोडसर ग्रेव्हीच्या पदार्थांत म्हणूनच यादीऐवजी ‘वरून घातलेली साखर’ ही ओळ पाहावी, आणि तिच्या शेजारी एकूण कर्बोदकेही, कारण माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या ओळीत पूर्णपणे उतरत नाही.

क्रमांकांना घाबरणे आणि ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ यावर भाळणे

या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. उणे १८ अंशांवर जिवाणू मरत नाहीत, पण त्यांची वाढ थांबते. म्हणजे टिकवण्याचे काम थंडीच करते. त्यामुळे गोठवलेल्या पाकिटावर ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असे लिहिणे म्हणजे बर्फात कीटकनाशक नाही म्हणण्यासारखे आहे. उलट ३३० हा क्रमांक लिंबात असते त्या सायट्रिक आम्लाचा, ४१२ गवारीच्या बियांपासून मिळणाऱ्या डिंकाचा आणि १४२२ सुधारित स्टार्चचा आहे. ग्रेव्ही वितळल्यावर फाटू नये आणि पाणी सुटू नये म्हणून हे शेवटचे दोन घालतात. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. त्याचा बाऊ करण्याऐवजी सोडियमची ओळ बघावी, कारण त्याचे सोडियमही तिथे मोजलेले असते.

दाव्यातले ‘लो’ आणि ‘झीरो’

एफएसएसएआयच्या दाव्यांविषयीच्या २०१८ च्या नियमांनुसार घन पदार्थाला ‘लो फॅट’ म्हणायचे तर १०० ग्रॅमला मेद ३ ग्रॅमच्या वर नको. पुन्हा तोच प्रश्न येतो: ३०० ग्रॅमच्या ट्रेमध्ये तो ९ ग्रॅमपर्यंत जाऊ शकतो. ‘झीरो ट्रान्स फॅट’ पाहून मी तरी थांबत नाही, कारण तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची कायदेशीर मर्यादाच आहे. त्याऐवजी संपृक्त मेदाची ओळ वाचावी, कारण गोठवलेल्या पदार्थांत पामोलिन सर्रास असते आणि आपल्या घरच्या फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) किंवा सोयाबीनच्या तेलाच्या मानाने त्यात संपृक्त मेद दुपटीहून अधिक असतो.

पाकिटाचा आकडा कढईनंतरही तोच राहतो, असे धरणे

टिक्की, नगेट, फ्रेंच फ्राइज हे पदार्थ बहुधा कारखान्यात एकदा हलके तळूनच गोठवलेले असतात. लेबलावरचा मेद त्या अवस्थेतला असतो. तीच टिक्की घरी पुन्हा कढईत सोडली की ती किती तेल पिईल हे कोणतेही पाकीट सांगू शकत नाही. दोन कंपन्यांच्या टिक्क्यांमधला दोन ग्रॅमचा फरक तासून बघायचा आणि नंतर दोन्ही सारख्याच तेलात तळायच्या, हा प्रकार मी घरात पाहिला आहे. तव्यावर दोन चमचे तेल टाकून भाजायचे असेल तर ते दोन चमचे हिशेबात धरावेत: एका ग्रॅम तेलाला ९ किलोकॅलरी, म्हणजे ५ ग्रॅमच्या एका चमच्याला ४५.

आकड्यांची उलटतपासणी न करणे

शंका आली तर प्रथिने आणि कर्बोदके प्रत्येकी चारने, मेद नऊने गुणून बेरीज करावी. माझ्या पराठ्यासाठी २२ अधिक १५२ अधिक ९६ म्हणजे २७० येतात, आणि छापील आकडाही तोच आहे. तंतूंमुळे आणि आकडे पूर्ण करताना थोडा फरक पडतो. मोठी तफावत दिसली तर बहुधा छपाईत दशांश चिन्ह हललेले असते. पाकिटावर दिलेल्या ग्राहक सेवा पत्त्यावर छायाचित्रासह विचारणा करावी.

लेबल नीट वाचून पाकीट मात्र वितळलेले आणणे

वरची सारी आकडेमोड पाकीट कारखान्यापासून घरापर्यंत गोठलेलेच राहिले या गृहीतावर उभी आहे. गोठवण्याने जेवणाचे पोषण फारसे घटत नाही. नुकसान होते ते वितळण्या-गोठण्याच्या फेऱ्यांत, कारण वितळताना सुटणाऱ्या पाण्याबरोबर जीवनसत्त्व क आणि चव दोन्ही जातात आणि जिवाणूंनाही संधी मिळते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना स्कूटरच्या डिकीत अर्धा तास ठेवलेले पाकीट घरी येईपर्यंत मऊ पडते. असा माल खरेदीत सर्वांत शेवटी घ्यावा, थर्मल पिशवीत आणावा, आणि मऊ पडलेलाच असेल तर पुन्हा न गोठवता त्याच दिवशी पूर्ण गरम करून संपवावा.

दुकानातच पाकीट चाचपून पाहावे. मटार सुटे न वाजता त्यांचा एकच गोळा झालेला असेल, पराठे मधल्या कागदासकट एकमेकांना चिकटले असतील किंवा आत बर्फाचे मोठे स्फटिक दिसत असतील, तर ते पाकीट बहुधा मधे कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेले आहे. ते परत ठेवावे आणि रात्री दुकान बंद केल्यावर फ्रीजर सुरू राहतो का, हे दुकानदाराला विचारावे.