मोबाइलवर वाचायची चित्रकथा कशी रचावी

१९९०च्या दशकात आंतरजालावर आलेल्या बहुतेक चित्रकथा वर्तमानपत्रातील आडव्या पट्टीसारख्याच होत्या. दक्षिण कोरियात डाउम या संकेतस्थळाने २००३ मध्ये आणि नेव्हर या संकेतस्थळाने २००४ मध्ये वेबटून (आंतरजालावरील चित्रकथांचे दालन) सुरू केल्यावर मात्र वरून खाली सरकत वाचायची उभी चित्रकथा रुळली. तिची रचना शिकण्यासाठी सांगलीचा आयर्विन पूल घ्यावा. ८०० पिक्सेल रुंदीच्या पट्टीत आधी कठड्यावरून वाकून पाहणारी माणसे काढावीत, त्याखाली केवळ खांब आणि पाणीपातळीचे फुटांचे आकडे लांबवर येऊ द्यावेत, आणि वाचकाचे बोट थांबू पाहील तिथेच कृष्णेचे गढूळ पाणी दाखवावे. मधल्या मोकळ्या जागेत संवाद कोंबू नयेत (हा मोह मलाही आवरत नाही). अक्षरे मोबाइलवरच तपासावीत. संगणकावर ती पुरेशी मोठी भासतात.