गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी फ्युएल इंजेक्शन गाडी : तपासणीतील या चुका टाळा

थंड असताना पहिल्या सेल्फला सुरू होणारी, इंजिन पुरेसे तापले की अचानक बंद पडणारी आणि थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा सुरळीत चालणारी जुनी पेट्रोल गाडी मेकॅनिकला हमखास चकवते, कारण गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत तिचा दोष नाहीसा झालेला असतो. सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते : सुरळीत चालणाऱ्या इंजिनाची तपासणी केली जाते आणि काहीच न सापडल्यामुळे अंदाजाने सुटे भाग बदलले जातात. गाडी बंद पडल्यापासून इंजिन निवेपर्यंतची मोजकी मिनिटे हीच तपासणीची खरी वेळ असते. त्यामुळे स्पार्क टेस्टर, मल्टिमीटर आणि जमल्यास फ्युएल प्रेशर गेज हाताशी ठेवून, सुरक्षित जागी इंजिन मुद्दाम तापवून दोष प्रकट होऊ द्यावा.

‘गाडी बंद पडते’ एवढ्या वर्णनावर काम सुरू करणे हीसुद्धा चूकच आहे. चावी फिरवून बंद करावी तसे इंजिन एका क्षणात थांबत असेल, तर संशय आधी इग्निशन (ठिणगीची यंत्रणा), रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा क्रँक सेन्सरवर (इंजिनाच्या फिरण्याची खबर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, देणारा सेन्सर) घ्यावा. आचके देत, जोर कमी होत थांबत असेल, तर इंधनपुरवठा पाहावा. रस्त्यावर उत्तम चालणारी गाडी फक्त सिग्नलला उभी असताना बंद पडत असेल, तर बहुधा आयडलिंगच्या, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू ठेवणाऱ्या, हवेचा प्रश्न असतो.

बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारताना प्लगला करंट येतो का आणि इंजेक्टरला (पेट्रोल फवारणाऱ्या भागाला) पल्स, म्हणजे उघडण्याचा विजेचा इशारा, मिळतो का, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे काम होते. दोन्ही एकाच वेळी गायब असतील, तर कॉइल किंवा पंप बदलण्याची घाई करू नये. दोघांना समान असलेला दुवा, म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर किंवा मेन रिले, तपासावा. जुन्या सेन्सरमधील बारीक तारेची गुंडाळी उष्णतेने प्रसरण पावून आतून तुटते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जागचा अजिबात हलत नसेल, तर बऱ्याच गाड्यांमध्ये तो या सेन्सरकडेच बोट दाखवतो. दोन तारांच्या इंडक्टिव्ह (गुंडाळीच्या) सेन्सरचा रोध गरम असतानाच मोजावा. मीटरने अनंत दाखवले, तर निकाल लागला. तीन तारांच्या हॉल (इलेक्ट्रॉनिक) सेन्सरवर मात्र ओहम मोजत बसू नये, त्यातून काही कळत नाही आणि सेन्सर बिघडण्याची शक्यता असते. रिलेच्या बाबतीत आतील सर्किटवरच्या सोल्डरला गेलेले केसासारखे तडे भिंगाखाली दिसतात, आणि नवा रिले घेण्याआधी ते पाहून घेणे केव्हाही चांगले.

कार्बोरेटरच्या काळातील सवयीने ‘पेट्रोलची वाफ झाली’ असे निदान करणारे आजही भेटतात. टाकीत बसवलेला पंप आणि लाइनमध्ये साधारण २.५ ते ३.५ बार दाब असलेल्या गाडीत चालता चालता वाफेमुळे इंजिन बंद पडणे क्वचितच घडते. बंद केल्यावर दाब टिकत नसेल, तर गरम इंजिन पुन्हा सुरू करायला त्रास होतो, पण तो वेगळा दोष आहे. थकलेला पंप मात्र तापल्यावर खरोखर मंदावतो. म्हणून दाब गाडी थंड असताना नव्हे, तर बंद पडण्याच्या बेतात असताना पाहावा. गेज जोडण्याआधी लाइनमधला दाब सोडावा आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडणार नाही याची काळजी घ्यावी.

डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा बरोबर आहे म्हणून कूलंट सेन्सर ठीक आहे, असे मानणे हा आणखी एक नेहमीचा घोटाळा होय. अनेक जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो. ईसीयूच्या सेन्सरने इंजिन थंडच असल्याचे कळवत राहिले, तर ईसीयू गरम इंजिनालाही जादा पेट्रोल पाजत राहतो आणि काळा धूर व काळवंडलेले प्लग दिसू लागतात. या सेन्सरचा रोध तापमानाबरोबर घटतो : बऱ्याच गाड्यांत तो २० अंश सेल्सियसला दोन-तीन हजार ओहम आणि ८० अंशाला सुमारे ३०० ओहम असतो.

आयडलिंगला बंद पडणाऱ्या गाडीचा थ्रॉटल स्टॉप स्क्रू फिरवून आरपीएम वाढवणे हा उपाय नसून दोष झाकणे आहे, आणि त्यामुळे थ्रॉटल सेन्सरचे मापही बिघडते. त्याआधी थ्रॉटल बॉडी व आयडल व्हॉल्व्हमधील काजळी, चिरलेले व्हॅक्यूम पाइप, तसेच उघडे राहिलेले ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा) किंवा पर्ज (टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) व्हॉल्व्ह पाहावेत.

स्कॅनरवर कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाहीत. जुना ईसीयू क्षणिक खंड बऱ्याचदा नोंदवतच नाही, आणि बॅटरीची तार काढून ठेवली असेल तर नोंदलेलेही बहुधा पुसले जाते. दुरुस्तीनंतर ज्या परिस्थितीत गाडी बंद पडत होती त्याच परिस्थितीत ती चालवावी, एसी लावून आयडलिंगला ठेवावी, बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करून पाहावी, आणि मगच जुना भाग टाकून द्यावा.