क्वांटम त्रुटीसुधारक कोड कसा रचावा

साध्या संगणकात एक बिट जपायचा असेल, तर त्याच्या तीन प्रती ठेवून बहुमताने निकाल लावता येतो. क्वांटम संगणकातील बिटसाठी, म्हणजे क्युबिटसाठी, ही वाट बंद आहे, कारण अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झाले. शिवाय क्युबिट थेट मोजला, तर जी अवस्था जपायची तीच नष्ट होते. तरीही १९९५ मध्ये गणितज्ञ पीटर शोर यांनी एका क्युबिटमधील माहिती नऊ क्युबिटांत पसरवून ती वाचवता येते, हे दाखवून दिले. माहितीविषयी काहीही न विचारता केवळ बिघाडाविषयी विचारायचे, हे त्यामागचे तत्त्व आहे. असे प्रश्न, म्हणजे तपासण्या, शोधणे म्हणजेच कोड रचणे.

पायरी १ : त्रुटी ठरवाव्यात. क्युबिटवर मुख्यतः दोन प्रकारचे आघात होतात : ० आणि १ यांची अदलाबदल करणारी एक्स त्रुटी आणि त्यांच्यातील फेज (सापेक्ष चिन्ह) उलटवणारी झेड त्रुटी. दोन्ही एकत्र झाल्या की तिला वाय म्हणतात. एका क्युबिटवरचा कितीही बारीक बिघाड या तिघी आणि ‘त्रुटी नाही’ यांच्या मिश्रणाच्या रूपात लिहिता येतो आणि तपासणीचे मापन त्यातील एकच पर्याय पक्का करते, म्हणून एवढी छोटी यादी पुरते. मला या विषयातील ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. संदेशवहनात मात्र फोटॉन (प्रकाशकण) वाटेत हरवणे ही मोठी अडचण असते. कोणता हरवला हे कळत असेल, तर काम सोपे होते : ज्या कोडचे अंतर (कोणत्याही तपासणीला न कळता माहिती बदलायला किमान जितके क्युबिट बिघडावे लागतात, तो आकडा) ३ आहे, तो अज्ञात जागची एकच त्रुटी सुधारतो, पण ज्ञात जागच्या दोन हानी भरून काढतो.

पायरी २ : क्युबिटांची संख्या ठरवावी. पाच क्युबिटांत एक क्युबिट जपायचा असेल, तर चार तपासण्या उरतात आणि त्यांची ० किंवा १ अशी उत्तरे १६ प्रकारे येऊ शकतात. एका क्युबिटवरील त्रुटींच्या शक्यता पाच गुणिले तीन म्हणजे १५ होतात, आणि त्रुटी नसण्याची एक. हिशोब तंतोतंत जुळतो, आणि पाच क्युबिटांचा असा कोड १९९६ मध्ये खरोखर सापडला.

पायरी ३ : तपासण्या निवडाव्यात. प्रत्येक तपासणी म्हणजे काही क्युबिटांवरील एक्स आणि झेड यांचा गुणाकार. सर्व तपासण्या एकाच वेळी खऱ्या ठरायच्या असतील, तर कोणत्याही दोन तपासण्यांमध्ये ज्या समाईक क्युबिटांवर वेगळी अक्षरे येतात, त्यांची संख्या सम असली पाहिजे. नवशिक्या रचनाकाराची चूक बहुधा येथेच होते, म्हणून एक तयार उदाहरण हाताने करून पाहावे.

हॅमिंगच्या सात बिटांच्या कोडातील तीन ओळी घ्याव्यात : ०००११११, ०११००११ आणि १०१०१०१. जेथे १ आहे, तेथे झेड ठेवून तीन तपासण्या मिळतात आणि एक्स ठेवून आणखी तीन. प्रत्येक ओळीत चार १ आहेत आणि कोणत्याही दोन ओळींमधील समाईक १ दोन आहेत, म्हणून सम संख्येची अट आपोआप पाळली जाते. अँड्र्यू स्टीन यांचा १९९६ चा कोड तो हाच. पाचव्या क्युबिटवर एक्स त्रुटी झाली, तर झेडच्या तीन तपासण्या अनुक्रमे १, ०, १ असे उत्तर देतात. द्विमान पद्धतीत हा अंक ५ आहे. कोडने स्वतःच जागा सांगितली, मात्र जपलेल्या अवस्थेविषयी एक अक्षरही उघड केले नाही.

पायरी ४ : अंतर तपासावे. जी क्रिया सर्व तपासण्यांना चकवते, पण त्यांच्या गुणाकारातून तयार होत नाही, अशी सर्वांत लहान क्रिया शोधावी. वरील कोडात पहिल्या तीन क्युबिटांवरील एक्स तशी आहे, आणि त्याहून लहान क्रिया सापडत नाही. म्हणून अंतर ३.

पायरी ५ : यंत्राला जुळवून घ्यावे. कागदावरचा उत्तम कोड यंत्रावर निरुपयोगी ठरू शकतो, कारण तपासणी करणारे साहाय्यक क्युबिटही चुकतात. त्यामुळे तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात आणि प्रत्येक तपासणीत शक्यतो थोडे आणि शेजारचेच क्युबिट असावेत. क्युबिट जाळीसारखे मांडणाऱ्या पृष्ठ कोडमध्ये प्रत्येक तपासणी जास्तीत जास्त चार शेजाऱ्यांपुरती असते, आणि प्रत्येक क्रियेतील चुकीचे प्रमाण साधारण १ टक्क्याच्या खाली असले, की कोड मोठा करण्याचा फायदा मिळू लागतो. २०२४ मध्ये गूगलच्या संशोधकांनी १०१ क्युबिटांवर अंतर ७ पर्यंत जाऊन, अंतर दोनने वाढवताच जपलेल्या माहितीतील चुकीचे प्रमाण निम्म्याहून कमी होते, हे मोजून दाखवले.

आपल्या कोडसाठीही ३, ५ आणि ७ अंतरांच्या आवृत्त्यांचे संगणकावर अनुकरण करून भौतिक चुकीचे प्रमाण बदलत जपलेल्या माहितीतील चुकीच्या प्रमाणाचे आलेख काढावेत. ते जेथे एकमेकांना छेदतात, ती त्या कोडची मर्यादा. मोठ्या अंतराचा आलेख अपेक्षेइतका खाली येत नसेल, तर कोड टाकून देण्यापूर्वी तपासणीतील क्रियांचा क्रम बदलून पाहावा, कारण साहाय्यक क्युबिटवरील एकच चूक चुकीच्या क्रमामुळे दोन क्युबिटांवर पसरते आणि कोडचे अंतर गुपचूप कमी करते.