उन्हाळी माल निघायला लागला, पिकअपच्या डिझेलचा हिशोब आत्ताच बघून घ्या

राम राम मंडळी. मार्च लागला, द्राक्षं शेवटाकडे आलीत, उन्हाळ कांदा काढणीला येतोय आणि ज्यांनी टोमॅटो लावलाय त्यांचे तोडे थोड्या दिवसांत सुरू होतील. म्हणजे आता तीन-चार महिने पिकअप आड दिवसाने मार्केटला जाणार. आपण औषधाच्या बाटलीमागे पन्नास रुपयांसाठी दुकानदाराशी घासाघीस करतो, पण गाडी किती डिझेल पिते ते विचारलं तर "देते की दहा-बाराचं ॲव्हरेज" एवढंच उत्तर. या दहा-बारामधल्या दोनातच पैसा आहे.

पहिली गोष्ट स्पीड. आपली पिकअप पुढून कपाटासारखी चपटी, ती हवा कापत नाही, ढकलते. आणि हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० वर गेलात तर स्पीड वाढला तेहतीस टक्के, पण हवेचा विरोध वाढला पाऊणपटीहून जास्त. ढोबळ हिशोब असा की भरलेली पिकअप ६० च्या आसपास असताना हवेचा विरोध आणि टायरचा विरोध जवळपास बरोबरीला असतात, त्याच्यापुढे हवा जी सुटते ती टायरला मागे टाकून जाते. सरकारची पीसीआरए म्हणून संस्था आहे, १९७८ पासून तेल वाचवण्याचं काम करते, ती तर कारसाठी ४५ ते ५५ चा स्पीड सांगते आणि ८० च्या तुलनेत चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त ॲव्हरेज मिळतं म्हणते. आता ४५ ने हायवेला कोण जाणार, मागचा ट्रकवाला हॉर्न मारून वेड करेल. पण ६० ते ६५ जमतं. अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर अख्ख्या देशाला ताशी ५५ मैलाची मर्यादा लावली होती, म्हणजे आपल्या हिशोबात ८८ किलोमीटर, लोकांनी शिव्या घातल्या पण ती १९९५ पर्यंत टिकली. कारण तेच, तेल.

आता पैशात बघा. नारायणगाव-ओतूरकडून माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे वाशीचं मार्केट धरलं तर एका बाजूने दीडशेच्या आसपास, जाऊन येऊन ३०० किलोमीटर. समजा गाडी ६० ला १३ देते आणि ८० ला ११. ६० ने २३ लिटर लागलं, ८० ने २७ च्या वर. चार लिटरचा फरक, ९० रुपयांनी धरलं तरी साडेतीनशेच्या पुढे. हंगामात ३० खेपा केल्या तर दहा-अकरा हजार. आणि वेळ किती वाचला? कागदावर एका बाजूला अडतीस मिनिटं, पण घाट, मुरबाड, कल्याणची गर्दी हे सगळं मधे आहे, तिथे ८० काय अन् ६० काय, खरे वाचतात पंधरा-वीस मिनिटं. तेवढी तर गेटवर लाईनीत जातात.

आणि खरी गळती कुठे आहे सांगू का, जाताना नाही, येताना. जाताना माल असतो, द्राक्षाचे मणी झडतील, टोमॅटो दबेल म्हणून आपण जपून नेतो. पट्टी म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती हातात पडली, गाडी रिकामी झाली की पाय जड होतो, झोप आलेली असते, घरी पाणी धरायचं असतं, मग दामटायची. गाडी हलकी आहे म्हणून कमी पीत असेल असं वाटतं. चढाला आणि सिग्नलवरून उठताना ते खरं आहे, पण सपाट रस्त्यावर हवेला काय माहीत तुमचा हौदा भरलाय का रिकामा. त्यातून रिकामी कॅरेट केबिनच्या वर दोन थर रचलेली असतात, ती जाळीजाळीची भिंत वारा धरते. रिकामी कॅरेट केबिनच्या उंचीखालीच ठेवा, जास्तीची मागे आडवी लावा, दोरी घट्ट बांधा. ताडपत्री घडी करून आत ठेवा, फुगून फडफडणारी ताडपत्री म्हणजे मागे बांधलेली छत्रीच. बरेच जण रिकाम्या गाडीचा मागचा फाळका पाडून पळवतात, हवा निघून जाते म्हणतात. त्याने काही फायदा नाही, फाळका बंद असला की हौद्यात हवेचा भोवरा बसून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून सरकून जाते. पाडलेला फाळका मागच्या मोटारसायकलवाल्याला लागला तर ते वेगळंच.

घाटाचं गणित आपल्या बाजूने आहे, हे कोणी लक्षात घेत नाही. देशावरून मुंबईकडे जाताना भरलेली गाडी खाली उतरते आणि रिकामी वर चढते. तीन टनाची गाडी चारशे मीटर वर चढवायला साधारण एक लिटर डिझेल लागतं, निम्म्या वजनाला निम्मंच. म्हणजे उलट असतं तर वांधे होते. आता ही मिळालेली मजा लोक घालवतात कशी, तर उतारावर न्यूट्रल टाकून. मीपण टाकायचो, खोटं कशाला बोलू. एकदा खाली पोचेपर्यंत ब्रेकचा असा जळका वास आला की बाजूला लावून अर्धा तास बसलो. तेव्हापासून बंद. आताच्या कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझेल सोडणाऱ्या गाड्यांना गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल मारणंच बंद करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जातंच. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त जातं, कमी नाही. आणि चावी बंद करून उतरणाऱ्यांना हात जोडून सांगतो, ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टेअरिंग दोन्ही जातात, नका करू. ज्या गिअरने चढाल त्याच गिअरने उतरा, ही जुनी पद्धत डिझेलच्या बाबतीतही बरोबर आहे.

लोडचं थोडक्यात. दीड-पावणेदोन टनाच्या पासिंगच्या, म्हणजे तेवढा माल न्यायची परवानगी असलेल्या गाडीत २० किलोचं कॅरेट, प्लास्टिकचं वजन धरून बावीस, म्हणजे सत्तर-पंचाहत्तर कॅरेट बसतात. आपल्याकडे शंभर-सव्वाशे सर्रास टाकतात. कॅरेटमागे डिझेल कमी पडतं हे कबूल, पण क्लच प्लेट, मागचे पाटे, टायर हे कुठल्याच हिशोबात धरत नाही आपण, आणि वजनकाट्यावर सापडलात तर २० हजार दंड, वर जादा टनाला २ हजार. एका फेऱ्याचा सगळा माल तिथेच गेला. त्यापेक्षा शेजारच्या शेतकऱ्याबरोबर फेरी वाटून घ्या, अर्धी गाडी घेऊन जाणं हेच सगळ्यात महाग पडतं.

टायरची हवा सकाळी गाडी गार असताना बघा, दरवाज्याच्या खांबावर स्टिकर असतं त्यावर रिकाम्याचा आणि लोडचा वेगळा आकडा दिलेला असतो. पाच-दहा पीएसआय कमी असली तर डिझेलचं नुकसान एक-दोन टक्केच, पण एप्रिल-मेच्या उन्हात मागचं लोडवालं टायर कमी हवेवर तापतं आणि फुटतं, तो खरा धोका. गरम टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून सोडू नका, गार झाल्यावर कमी पडेल. एअर फिल्टर बघा, कांदा काढणीच्या दिवसांत शेतातली फुफाट्याची धूळ चोंदून बसते, चढाला गाडी ओढत नाही आणि काळा धूर मारते, मग आपण पंपाला दोष देतो.

गेटवर, लोडिंगला गाडी घुरघुरत ठेवायची सवयपण सोडा, उभ्या गाडीला तासाला अर्धा-पाऊण लिटर जातंच. दोन-तीन मिनिटांहून जास्त थांबायचं असेल तर बंद करा. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असेल तर अजून एक, नुसत्या शेत-गाव-शेत अशा छोट्या चकरा मारल्या की काजळी जळायचं काम अर्धवट राहतं, गाडी ते परत परत सुरू करते आणि त्याला जादा डिझेल लागतं. डॅशबोर्डवर त्याची लाईट लागली तर त्या दिवशी हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एका स्पीडने चालवून घ्या, मधेच गाडी बंद करू नका.

हे सगळं माझ्यावर विश्वास ठेवून करू नका, मोजून बघा. एकाच पंपावर, नोझल आपोआप कट होईपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहून ठेवा. पुढच्या खेपेला परत कटपर्यंत भरा, जेवढे किलोमीटर झाले त्याला जेवढे लिटर बसले त्याने भागा. दोन खेपा नेहमीसारख्या चालवा, दोन खेपा येताना ६० च्या वर जाऊ नका, माल आणि रस्ता तोच ठेवा. पट्ट्यांच्या वहीतच मागच्या पानावर लिहा, तिथे हरवत नाही. आणि ड्रायव्हर लावलेला असेल तर वाचलेल्या डिझेलमधले थोडे त्याला देऊन बघा, माझ्याकडे तरी स्पीड गव्हर्नरपेक्षा ते जास्त चाललं.