जर्मनीत पहिला माणूस नेमताय? इथल्या पगारपत्रकाच्या या सवयी तिथे नेऊ नका

पुण्या-मुंबईच्या लहान सॉफ्टवेअर किंवा अभियांत्रिकी कंपनीला जर्मन ग्राहक मिळाला, की वर्षभरात तिकडे आपला एक माणूस हवाच, असं ठरतं. स्टुटगार्ट किंवा म्युनिकमध्ये कुणीतरी सापडतं. मग एचआर इथलं नेहमीचं ऑफर लेटर उघडतं, रुपयांच्या जागी युरो घालतं, बेसिक-एचआरए-स्पेशल अलाउन्सचा तक्ता तसाच ठेवतं आणि पीडीएफ पाठवून देतं. पुढे जे बिघडतं त्याचं मूळ बहुतेक वेळा या पीडीएफमध्येच असतं. इथे जे वर्षानुवर्षं चाललं तेच तिथेही चालेल, हे गृहीतच चुकीचं आहे. खालचे दर आणि मर्यादा २०२६ च्या आहेत. त्या दर जानेवारीत बदलतात.

"सध्या कन्सल्टंट म्हणून घेऊ, नंतर बघू"

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. माणूस दरमहा इनव्हॉइस देतो, कंपनी पैसे पाठवते, ना नोंदणी ना चलान. पण करारावर काय शीर्षक आहे याला जर्मनीत फारशी किंमत नाही. कामाच्या वेळा कोण ठरवतं, सुट्टी कोण मंजूर करतं, लॅपटॉप कुणाचा, त्याला दुसरा ग्राहक आहे का, तो रोजच्या स्टँडअपला बसतो का, हे पाहिलं जातं. उत्तरं तुमच्याकडे बोट दाखवत असतील तर तो तुमचा कर्मचारीच.

हे ठरवणारी संस्था म्हणजे तिथली पेन्शन विमा संस्था, डॉइच रेंटनफेरझिशरुंग. तिने निकाल विरुद्ध दिला तर मागच्या चार वर्षांचे हप्ते वसूल होतात. जाणूनबुजून चुकवल्याचं दिसलं तर तीस वर्षांपर्यंत मागे जाता येतं, शिवाय फौजदारी कलम लागतं. खरी मेख पुढे आहे. माणसाचा स्वतःचा हिस्साही कंपनीलाच भरावा लागतो आणि तो त्याच्याकडून फक्त पुढच्या तीन पगारांतून कापून घेता येतो. तो आधीच सोडून गेला असेल तर काहीच हाती लागत नाही. महिना ५,००० युरो मोबदल्यावर दोघांचे मिळून हप्ते आजच्या दराने २,१०० युरोंच्या वर जातात. दोन वर्षं असंच चाललं असेल तर मुद्दल ५० हजार युरोंच्या पुढे, आणि त्यावर दर सुरू झालेल्या महिन्याला १ टक्का विलंब आकार.

व्यवस्था आधीच अशी सुरू असेल तर गप्प बसणं हा सर्वांत वाईट पर्याय. दर्जा-निश्चितीचा, म्हणजे माणूस कर्मचारी की स्वतंत्र हे ठरवून घेण्याचा, अर्ज त्याच पेन्शन विमा संस्थेकडे करता येतो. काम सुरू झाल्यापासून एका महिन्याच्या आत अर्ज केला, माणसाची संमती असली आणि त्याच्याकडे आजारपण व म्हातारपणासाठी पुरेसा विमा असला, तर विम्याची सक्ती निकाल कळवल्या दिवसापासून धरली जाते, मागून नाही. महिना उलटून गेला असेल तर तिथल्या कामगार कायद्याच्या वकिलाशी बोलून कर्मचारी म्हणून नोंदणी करा आणि मागचा हिशेब स्वतःहून पुढे ठेवा.

दुसरी वाट एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्डची, म्हणजे माणूस कागदावर जर्मन कंपनीचा आणि काम तुमचं. सोयीची आहे, पण जर्मनीत ही बहुतेकदा कामगार भाड्याने देण्याच्या कायद्यात बसते. त्या कंपनीकडे बुंडेसआगेंटूर फ्युअर आर्बाइट या रोजगार संस्थेचा परवाना लागतो आणि एक माणूस एका ग्राहकाकडे साधारणपणे १८ महिनेच ठेवता येतो. करार करण्याआधी परवान्याची प्रत मागा आणि १९ व्या महिन्यात काय करणार, हे लेखी विचारा. विक्रेता या प्रश्नाला हसून बगल देत असेल तर दुसरा शोधा.

सीटीसीचा, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा तसाच सांगणं

तिथे पगार म्हणजे ब्रुटो, कर्मचाऱ्याचा ढोबळ पगार. कंपनीचा हिस्सा त्याच्या वर. "साठ हजार युरो सीटीसी" असं लिहून नंतर त्यातून कंपनीचा हिस्सा वजा करायला गेलात तर माणूस करार दाखवेल आणि तोच बरोबर ठरेल.

महिना ५,००० युरोंवर कंपनीचा हिस्सा असा: पेन्शन ९.३ टक्के म्हणजे ४६५ युरो. बेरोजगारी विमा १.३ टक्के, ६५. आरोग्य विमा ७.३ टक्के अधिक जादा हप्त्याचा अर्धा भाग (सरासरी दराने १.४५ टक्के), ४३७.५०; दीर्घकालीन शुश्रूषा विमा १.८ टक्के, ९०. एकूण १,०५७.५० युरो. यावर आजारपण आणि बाळंतपणाच्या भरपाईची वर्गणी, दिवाळखोरी निधीचे ०.१५ टक्के आणि अपघात विमा, जो पूर्णपणे मालकाच्या माथी. म्हणून बजेटमध्ये ब्रुटोवर २३ टक्के धरलेले बरे. पगार मोठा असेल तर टक्केवारी उतरते, कारण आरोग्य आणि शुश्रूषा विम्याचे हप्ते महिना ५,८१२.५० युरोंपर्यंतच लागतात, पेन्शन आणि बेरोजगारीचे ८,४५० पर्यंत.

एचआरए, एलटीए, मेडिकल असले तुकडे पाडून तिथे कर वाचत नाही. ते सगळं ब्रुटोच. दरमहा ५० युरोंपर्यंतचं व्हाउचर करमुक्त देता येतं, पण ५० च्या वर एक सेंट गेला तरी सगळी रक्कम करपात्र होते. आणि पगार ठरवायचा व द्यायचा तो युरोतच.

नोंदणीचा क्रम चुकवणं

जर्मनीत कंपनी, शाखा, काहीही नसलं तरी तिथे राहून काम करणाऱ्या माणसासाठी सामाजिक विम्याची नोंदणी तुम्हालाच करावी लागते. क्रम असा:

१. रोजगार संस्थेकडून आठ आकडी मालक क्रमांक, म्हणजे बेट्रीब्सनुमर, घ्या. अर्ज ऑनलाइन होतो.
२. जर्मनीत पत्ता असलेला अधिकृत प्रतिनिधी नेमा. पगाराची कागदपत्रं त्याच्याकडे राहतात. तिथली पगारपत्रक करणारी फर्म हे काम सहसा घेते.
३. अपघात विम्यासाठी तुमच्या धंद्याच्या बेरुफ्सगेनोसेनशाफ्टकडे, म्हणजे त्या धंद्याच्या अपघात विमा संस्थेकडे, एका आठवड्यात कळवा.
४. माणसाने निवडलेल्या आरोग्य विमा निधीकडे, म्हणजे क्रांकनकासेकडे, त्याची नोंद करा.

इथे एक गोष्ट भारतीय डोक्याला उलटी वाटते. पीएफचं एक चलान सगळ्यांचं, पण तिथे पेन्शन आणि बेरोजगारीचे हप्तेसुद्धा आरोग्य विमा निधीच गोळा करतो आणि निधी माणूस निवडतो. तीन कर्मचारी तीन निधींचे असतील तर तीन वेगळी विवरणं आणि तीन वेगळे भरणे.

आयकर कापायचा की नाही, हा वेगळा प्रश्न. जर्मनीत कायम आस्थापना (कराच्या दृष्टीने धंद्याचं कायमचं ठिकाण, इंग्रजीत पर्मनंट एस्टॅब्लिशमेंट) नसलेल्या परदेशी कंपनीवर पगारातून कर कापायची सक्ती नाही. अशा वेळी माणूस स्वतः १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर आणि १० डिसेंबरला आगाऊ कर भरतो. हे त्याला नेमणुकीआधी सांगा. नाहीतर पहिल्या महिन्यात हातात आलेली मोठी रक्कम तो खर्च करून बसतो. मात्र तो तिथे तुमच्या वतीने ग्राहकांशी करार करत असेल तर कायम आस्थापना उभी राहिल्याचा दावा होऊ शकतो आणि मग कंपनीचा नफाही तिथल्या करात ओढला जातो. विक्रीचा माणूस नेमण्याआधी सीएला हा प्रश्न विचारून लेखी मत घ्या.

भरण्याची तारीख पुढच्या महिन्यात शोधणं

टीडीएस ७ तारखेला, पीएफ १५ तारखेला, तेही पुढच्या महिन्यात, हे इथल्या अकाउंट्सच्या हाडीमांसी खिळलेलं असतं. जर्मनीत विम्याचे हप्ते त्याच चालू महिन्याच्या शेवटून तिसऱ्या बँक-दिवशी जमा व्हावे लागतात आणि विवरण त्याच्याही दोन कामकाजाचे दिवस आधी. म्हणजे महिना संपायच्या आत, ओव्हरटाइम वगैरे अंदाजाने धरून. फरक पुढच्या महिन्यात वळता होतो.

उशिराचं नेहमीचं कारण म्हणजे भारतातून स्विफ्टने पाठवलेले पैसे. मधली बँक काही युरो कापते, रक्कम अपुरी पडते, निधी बाकी दाखवतो. उपाय सरळ आहे: युरो खातं उघडून त्यात दोन महिन्यांचे हप्ते आगाऊ ठेवा आणि निधीला थेट वसुलीची परवानगी द्या.

सिक लीव्ह सात, लीव्ह एनकॅशमेंट चालू

आजारपणाचा कोटा तिथे नसतोच. नोकरीचे पहिले चार आठवडे झाले की एका आजारासाठी सहा आठवडे पूर्ण पगार मालक देतो. पुढे विमा निधी. सरकारी विमा निधीच्या सदस्याचा आजारपणाचा दाखला २०२३ पासून कागदावर येत नाही, तो पगाराच्या सॉफ्टवेअरमधून निधीकडून ओढून घ्यावा लागतो. एचआर माणसाकडे स्कॅन मागत बसतं आणि दाखला निधीकडे केव्हाचा तयार असतो. सुट्टीत माणूस आजारी पडला आणि दाखला असला, तर ते दिवस सुट्टीतून वजा करता येत नाहीत.

लहान मालकाला आजारपणातल्या पगाराचा ठरलेला भाग निधीकडून परत मिळतो. तीसपर्यंत कर्मचारी असलेल्यांसाठी ही योजना सक्तीची आहे. अर्ज न केल्याने हे पैसे सोडून देणाऱ्या कंपन्या कमी नाहीत.

रजा पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस, बाजारात २७ ते ३० चालतात. किमान रजा नोकरी चालू असताना पैशांत बदलून देता येत नाही; एनकॅशमेंट फक्त नोकरी संपताना. आणि "३१ मार्चला रजा लॅप्स" असं धोरणात लिहून भागत नाही. तुमच्या इतक्या रजा शिल्लक आहेत, अमुक तारखेआधी घ्या, नाहीतर जातील, असं त्या त्या माणसाला स्पष्ट कळवलं नसेल तर रजा बुडत नाही, वर्षानुवर्षं साठत जाते. २०२२ मध्ये तिथल्या संघीय कामगार न्यायालयाने अशा रजेला मुदतबाह्यतेचं कारणही लागू होत नाही, असं ठरवलं. जानेवारीत आणि पुन्हा सप्टेंबरमध्ये एकेक मेल टाका, प्रश्न मिटला.

ईमेलवर राजीनामा, व्हॉट्सअ‍ॅपवर नारळ

नोकरी संपवण्याचं पत्र, दोन्ही बाजूंनी, कागदावर आणि शाईच्या सहीनेच लागतं. ईमेल, स्कॅन, डिजिटल सही, काहीच चालत नाही. परस्पर संमतीने नातं संपवण्याच्या कराराचंही तेच.

समजा परीक्षाकाळ, म्हणजे प्रोबेशन, ३१ ऑगस्टला संपतोय. पुण्यातून ३० ला पीडीएफ गेली. कायद्याच्या नजरेत काहीच घडलं नाही. मूळ कागद कुरिअरने ४ सप्टेंबरला पोहोचला, तर परीक्षाकाळातली दोन आठवड्यांची नोटीस हातची गेली आणि चार आठवड्यांची, तीही महिन्याच्या १५ तारखेला किंवा अखेरीला संपणारी, लागू झाली. दुसरं, सही कुणाची? संचालकाऐवजी एचआर मॅनेजरने केली आणि सोबत मूळ अधिकारपत्र जोडलं नसेल, तर माणूस लगेच ते पत्र नाकारू शकतो. तिसरं, पोहोचल्याचा पुरावा. २०२५ च्या जानेवारीत संघीय कामगार न्यायालयाने सांगितलं, की पेटीत टाकल्या जाणाऱ्या रजिस्टर टपालाची पावती आणि ऑनलाइन स्टेटस एवढ्याने पत्र पोहोचलं असं धरता येणार नाही. म्हणून पत्र वाचून पाकिटात घालणारा आणि स्वतः टपालपेटीत टाकणारा निरोप्या वापरा. त्याला तारीख, वेळ आणि पेटीवरचं नाव लिहून सही करायला लावा.

उलट बाजूही तितकीच फसवी. माणसाने मेलवर राजीनामा दिला, तुम्ही "अ‍ॅक्सेप्टेड" लिहिलं, बदली माणूस घेतला. महिन्याने तो म्हणाला, मी सोडलीच नाही. मेल आला त्याच दिवशी शाईच्या सहीचा कागद मागा.

एक भीती मात्र फुकाची आहे. "जर्मनीत कुणाला काढताच येत नाही" हे दहापर्यंत कर्मचाऱ्यांच्या तुकडीला लागू नाही. काढण्याचं कारण सिद्ध करायला लावणारा संरक्षण कायदा सहा महिन्यांच्या नोकरीनंतर आणि दहाहून जास्त कर्मचारी असतील तेव्हाच येतो, आणि त्यात जर्मनीतलेच कर्मचारी मोजतात, पुण्यातले दोनशे नाहीत. गरोदर स्त्रिया आणि पालकत्व रजेवरचे लोक यांना मात्र लहान कंपनीतही वेगळं संरक्षण आहे.

नोटीस पुरी केली नाही म्हणून रिलीव्हिंग लेटर अडवण्याची आपल्याकडची युक्ती तिथे अंगाशी येते. नोकरीचा दाखला हा माणसाचा हक्क आहे. कर्मचाऱ्याची नोटीस मालकाच्या नोटिशीपेक्षा लांब ठेवता येत नाही, हेही करारात तपासा.

पुण्याच्या सकाळची मीटिंग

दोन कामकाजी दिवसांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती सक्तीची आहे. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो. तुमची सकाळी ९ ची मीटिंग तिथे पहाटे साडेपाचला. माणूस आदल्या रात्री ८ पर्यंत काम करत असेल तर सकाळी ७ च्या आत त्याला बोलावता येत नाही. कामाच्या तासांची नोंद ठेवण्याची जबाबदारीही मालकाची आहे.

पुण्याहून पाठवलेला आणि तिथेच नेमलेला, यांत गल्लत

भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे. इथला कर्मचारी काही काळासाठी तिकडे पाठवला, त्याचा पीएफ इथे चालू ठेवला आणि ईपीएफओचं कव्हरेज प्रमाणपत्र घेतलं, तर ४८ महिन्यांपर्यंत तिथले पेन्शनचे हप्ते लागत नाहीत. आरोग्य विम्याची सोय वेगळी दाखवावी लागते. हे प्रमाणपत्र तिथेच नेमलेल्या माणसाला मिळत नाही, मग तो मूळचा साताऱ्याचा का असेना.

कागदावरच्या बारीक रकान्यांचं दुर्लक्ष

नव्याने पोहोचलेल्या माणसाकडे ११ आकडी कर क्रमांक नसतो. तो पत्त्याची नोंद झाल्यावर टपालाने येतो. तुमची तिथे कंपनी असेल आणि कर कापत असाल, तर तोवर सगळ्यात जड अशा सहाव्या करवर्गाने कापण्याची गरज नाही. क्रमांक नसण्यात त्याचा दोष नसेल तर तीन महिन्यांपर्यंत अपेक्षित वर्ग धरता येतो. मुलं भारतात राहत असतील तर त्यांचे जन्मदाखले भाषांतरासह मागवून घ्या, नाहीतर त्याला निपुत्रिक समजून शुश्रूषा विम्याचे ०.६ टक्के जास्त कापले जातात. आणि वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक कर्मचाऱ्याला आधीच सांगा: पत्ता नोंदवताना धर्माच्या रकान्यात रोमन कॅथलिक लिहिलं की आयकराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च कर सुरू होतो.

पेन्शन संस्थेचे तपासनीस किमान दर चार वर्षांनी मालकाची कागदपत्रं पाहतात. ती जर्मनीतच ठेवलेली आणि जर्मन भाषेत असावी लागतात. त्यामुळे पुण्याच्या सर्व्हरवरच्या इंग्रजी एक्सेल शीटवर काम भागत नाही. पगारपत्रक करणाऱ्या फर्मच्या करारात हे काम तिचं आहे असं स्पष्ट लिहून घ्या, आणि फर्म बदलली तर जुन्या वर्षांच्या फायली नव्या फर्मकडे कोण देणार, तेही.